सरांचा हात थांबला की थांबायचं

सोमवार, १२ जानेवारी

आज परत एकटाच गात राहिलो!

सगळा कोरस थांबला. पियानो थांबला. सरांचा हात हवेत थांबला. आणि मी आपला डोळे मिटून चालूच — शेवटचा सूर लांबवतोय, मनापासून, अगदी तल्लीन. शेजारच्या पोराने, भोंग्याने, कोपर मारलं तेव्हा डोळे उघडले. बघतो तर वर्गच्या वर्ग माझ्याकडे वळलेला. कुणी हसत नव्हतं. हसू दाबत होते — ते जास्त वाईट.

सर म्हणाले, "काका, आम्ही सगळे इथे थांबलोय. तुम्हीपण थांबताय, की पुढे जाऊन आमची वाट बघताय?"

"थांबतो सर."

"उपकार होतील."

पहिल्या रांगेतून चिमणी म्हणाली, "सर, काकांना ब्रेक उशिरा लागतो. जुनी गाडी आहे!" मग मात्र सगळे मोकळेपणी हसले. मीही हसलो. काय करणार?

चिमणी आणि भोंगा ही नावं मी ठेवलेली. चिमणी हातभर उंचीची, आवाज गल्लीभर. भोंगा नुसतं 'हो' म्हणाला तरी खिडकीची काच थरथरते. दोघांची वयं एकत्र केली तरी माझ्या वयाला पुरत नाहीत. आणि तिघेही बी.ए. संगीत, वर्ष पहिलं.

मंगळवार, १३ जानेवारी

आज डोळे उघडे ठेवून उभा राहिलो. आवाजच फुटला नाही. सरांना वाटलं, सुधारलो!

शुक्रवार, १६ जानेवारी

तासानंतर सरांनी थांबवून घेतलं. सर उंच, वाळलेले, बारा महिने काळ्या कोटात. हात असे चालवतात की समोर कापड असतं तर सरळ रेषेत कापलं गेलं असतं. पोरं त्यांना 'कात्री' म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही. पण मी पडलो शिंपी, त्यामुळे संशय माझ्यावरच येणार.

"काका, तुमचा आवाज मला हवाय," म्हणाले. "खालची रांग तुमच्यामुळे भरते. पण तुम्ही शेवट सोडत नाही हो! या गाण्याचा शेवट काय आहे? आवाज भरत भरत वर जातो, आणि एकदम — काही नाही. शांतता. त्या शांततेसाठी मी हे गाणं निवडलंय. आणि दर वेळी तिथे मला तुम्ही ऐकू येता."

मी मान खाली घातली.

"डोळे का मिटता?"

काय सांगणार? सांगितलं तसंच. गावात आमची शाळा एका खोलीची, मास्तर एक, सगळ्या इयत्ता त्यातच. सकाळची प्रार्थना मी सुरू करायचो. मास्तरांचे नियम दोन. डोळे मिटून म्हणायचं — उघडे ठेवून म्हणणारा देवाला नाही, लोकांना ऐकवतो. आणि ज्याने सुरुवात केली त्याने सर्वांत शेवटी थांबायचं. मागे रेंगाळलेलं एखादं पोर एकटं पडता कामा नये. हे इतकं अंगात मुरलंय की आता गाणं म्हटलं की पापण्या आपोआप खाली. दुकानाचं शटर पडावं तशा.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान आहे. पण इथे मागे कुणी रेंगाळत नाही. तुम्हीच रेंगाळता."

मग मुद्द्यावर आले. वार्षिक कार्यक्रमाला परीक्षक बसणार, तीच आमची परीक्षा. "तिथे माझा हात थांबल्यावर तुमचा आवाज आला, तर मी काही करू शकणार नाही. पुढच्या वर्षी तुम्ही संगीतशास्त्राच्या वर्गात. गायन बंद."

शास्त्राचा वर्ग मी पाहिलाय. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. पोरं त्याला 'कागदी वर्ग' म्हणतात. तिथले प्राध्यापक तासभर एका गाण्याबद्दल बोलतात आणि ते गाणं कुणी म्हणत नाही! मागे एकदा चुकून जाऊन बसलो होतो. लिहिता लिहिता गुणगुणायला लागलो तर म्हणाले, "कोण गातंय? इथे संगीत चालू आहे!"

रविवार, १८ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. ही पाळणाघरात कामाला जाते, त्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणी तिला तीन वर्षांच्या पोरांच्या वाटतात.

म्हणाली, "त्यात काय! आमच्याकडची पोरं भरवताना तोंड मिटतात, तुम्ही डोळे मिटता. सवय मोडायची."

"कशी?"

"आरशासमोर गा."

गायलो. आरशात एक पोक्त माणूस डोळे वटारून माझ्यावर ओरडत होता. मीच घाबरून डोळे मिटले.

म्हटलं, "तूच बस समोर. तुझ्याकडे बघून म्हणतो."

"नको गं बाई! तुम्ही माझ्याकडे बघायला लागलात तर मला हसू येईल."

"लग्नाला इतकी वर्षं झाली आणि अजून हसू येतं?"

"बघितलंय कधी गाताना माझ्याकडे? मग कसं कळणार मला, हसू येतं की काय येतं ते?" एवढं बोलून गेली कपडे वाळत घालायला. हिचं बोलणं मला कधी कधी मागाहून कळतं. हे अजून कळलेलं नाही.

बुधवार, २१ जानेवारी

आज मोठी फजिती!

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर, जिन्याखाली. दोन मशिनी, एक इस्त्री, एक पुतळा. दुपारपर्यंत मी चेन बदलतो, पँटी आखूड करतो, दुपारनंतर समोर शिकायला जातो. मालक सकाळी उशिरा येतात. म्हटलं, संधी साधावी. पुतळ्याला डोकं नाही, त्यामुळे संकोचही नाही. त्याच्यासमोर उभा राहिलो. डोळे उघडे! गळ्याच्या जागी असलेल्या लाकडी खुंटीवर नजर लावली आणि सुरू केलं. जमत होतं! निम्मं गाणं झालं, डोळे उघडेच. आनंदाच्या भरात पुतळ्याचा खांदा धरला आणि वरचा सूर लावला.

दारात एक बाई उभ्या होत्या.

पुतळ्याच्या अंगात त्यांचाच कोट होता.

मी म्हटलं, "तयार आहे. फक्त इस्त्री राहिलीय."

त्या म्हणाल्या, "राहू दे. तसाच द्या." आणि कोट काढून मी हातात देईपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

मालकांना कळलंच. म्हणाले, "मास्टर, गिऱ्हाईक नसताना गा. पुतळ्याला मिठी मारून तर अजिबात गाऊ नका. आपल्याकडे घरंदाज लोक येतात."

मिठी नव्हती. खांदा होता.

गुरुवार, २९ जानेवारी

सराव. डोळे मिटले. कोपर बसलं. पुढे लिहीत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज चमत्कार झाला! मी थांबलो. सगळ्यांबरोबर. अगदी एका क्षणाचाही फरक नाही. पियानोच्या बाईंनी विणकामातून मान वर करून बघितलं. (या बाई दोन गाण्यांच्या मधल्या वेळात स्वेटर विणतात. बोलत नाहीत, पण टाके सुबक असतात.) सर म्हणाले, "काका, तब्येत बरी आहे ना?"

कारण सांगायची लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. इथे लिहायला हरकत नाही. सरांच्या उजव्या बाहीचं बटण लोंबत होतं! एका दोऱ्यावर. हात वर गेला की बटण वर, खाली आला की खाली. तीस वर्षं सुई धरलेला माणूस मी — लोंबतं बटण बघून डोळे मिटणं मला शक्यच नाही. मनात एकच — आता पडतंय, आता पडतंय. हात थांबला, बटण थांबलं, मी थांबलो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सरांनी बटण शिवून घेतलं. मी परत गात राहिलो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चिमणी भलती हुशार. सरावानंतर मला आणि भोंग्याला कोपऱ्यात घेतलं, पियानोजवळ.

"काका, खरं सांगा. सोमवारी काय बघत होतात?"

सांगितलं. भोंगा इतका हसला की पियानोच्या तारा आपोआप वाजल्या. चिमणी हसली नाही. म्हणाली, "मग सोपं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी सरांचा कोट टांगलेला असेल तेव्हा तुम्ही जायचं आणि बटण सैल करायचं. तुमच्या हातचं काम आहे, कुणाला कळणारपण नाही."

मी म्हटलं, "शिवलेलं उसवू?"

"एक बटण, काका!"

"एक असो नाही तर शंभर. चांगलं शिवलेलं मी उसवत नाही. माप चुकलं तर उसवतो, गिऱ्हाइकाने सांगितलं तर उसवतो. स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्याचा टाका कापायचा म्हणजे —" पुढे शब्द सापडेना. "पाप आहे ते."

"अहो, पाप कसलं? दोरा आहे तो!"

भोंगा म्हणाला, "काकांचं बरोबर आहे. माझी आजी म्हणायची —" आणि आजी काय म्हणायची ते त्याला आठवेना.

चिमणी चिडली. "मग बसा कागदी वर्गात. तिथे सगळी बटणं जागच्या जागी आहेत!"

पियानोच्या बाई पलीकडे विणत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. पण त्या कधीच काही बोलत नाहीत.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

भोंग्याने नवी युक्ती काढली. माझ्या पट्ट्याला मागून सुतळी बांधायची, दुसरं टोक त्याच्या हातात. शेवट आला की ओढायची. "बैलाला थांबवतात तसं, काका. राग मानू नका." राग कसला! बांधली.

गाणं रंगात आलं आणि भोंगा शिंकला. त्याची शिंक म्हणजे काय, मागची रांग वाकली! सुतळी ओढली गेली, मी गाण्याच्या ऐन मध्यावर गप्प. खालची रांग माझ्या भरवशावर असते — तीही गप्प. एकटी चिमणी वर गात राहिली.

सर खाली वाकून म्हणाले, "काका, ही शेपूट कसली?"

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज सगळ्यांचे काळे कपडे दुकानात आले — कार्यक्रमासाठी. बाह्या, पँटी, कमरेला पट्ट्या. मालक खूश. मी नुसता शिवत बसलो. ज्यांच्या रांगेत उभं राहायला पुढच्या वर्षी आपण असू की नाही माहीत नाही, त्यांच्या पँटींची लांबी अगदी एकसारखी केली. पडद्यासमोर एका ओळीत दिसल्या पाहिजेत. भोंग्याची पँट कमरेत वाढवली. मूळ माप लिहून देताना त्याने मन मोठं ठेवलं नव्हतं.

ही रात्री जेवताना म्हणाली, "नाही जमलं तर नाही जमलं. घरी गा की."

म्हटलं, "घरी गातोच. पण एवढ्या माणसांच्या मध्ये उभं राहून, सगळ्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन गाणं निराळंच असतं गं. आपला आवाज आपल्यालाच सापडत नाही, आणि तरी तो असतो."

ही भाकरी वाढत म्हणाली, "मग जमवा."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पहाटे प्रार्थनेला बसलो तेव्हा एक पेच पडला. देवाकडे मी सहसा काही मागत नाही. दिलंय ते पुष्कळ आहे. पण आज ओठावर आलं — बटण. आता बटण कुणी देवाकडे मागतं का! आणि तेही लावून दे म्हणून नाही, तुटू दे म्हणून! त्याच्याकडे काय कमी कामं आहेत? नाही मागितलं. पण विचार मनात आला होता, हे त्यालाही कळलंच असणार. तिथे काही लपवता येत नाही, तीच तर अडचण.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

उद्या. घसा बरा आहे. डोळ्यांचं सांगता येत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

झालं!

नीट लिहितो. सभागृह भरलं होतं. परीक्षक तिघे, पुढच्या रांगेत, पाण्याच्या बाटल्या घेऊन. आत जायच्या आधी भोंग्याच्या पँटची चेन बिघडली. मी खिशातल्या टाचण्यांनी बंदोबस्त केला आणि बजावलं, "आता खोल श्वास घेऊ नकोस." तो म्हणाला, "काका, गायचंय मला!" म्हटलं, "वरच्यावर घे."

उभे राहिलो. पापण्या लागल्या जड व्हायला. मनात म्हटलं, चला, गेलं वर्ष. सरांनी हात वर केला —

बटण!

उजव्या बाहीचं, एका दोऱ्यावर, चांगलं बोटभर खाली. हात हलला की गोल फिरत होतं. अरे देवा! तोंडाने गाणं चालू, जीव बटणात. शब्द कसे आले, सूर कसे लागले, काही सांगता येत नाही. नजर त्या बटणावरून हलेना. आणि बटणाच्या मागे हात दिसायला लागला. हाताच्या मागे सर. वर्षभर हा माणूस माझ्यासमोर उभा राहून काय काय करत होता, ते मी आज पहिल्यांदा बघितलं! कुणाला बोटाने वर उचलतात, कुणाला तळव्याने शांत करतात. चिमणीकडे बघून भुवई उडवतात. आणि आमच्या रांगेची वेळ आली की सरळ माझ्याकडे बघतात. असेच बघत असणार रोज — मिटलेल्या डोळ्यांकडे!

आवाज भरत गेला. वर गेला. हात थांबला. बटण एक गिरकी घेऊन थांबलं.

मी थांबलो.

आणि मग ती आली. शांतता. एवढ्या माणसांची मिळून एक. पाण्याची बाटली नाही, खोकला नाही, खुर्ची नाही. मी तिथे पूर्वी कधी गेलोच नव्हतो. कसा जाणार? दर वेळी मी असायचो, म्हणून ती नसायची.

टाळ्या नंतर झाल्या. भोंग्याची टाचणी त्याही नंतर सुटली. ते जाऊ दे.

बाहेर आल्यावर चिमणीला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोरी, नको म्हणालो होतो ना?"

"आई शप्पथ काका, मी हातसुद्धा लावला नाही!"

भोंग्याकडे बघितलं. तो म्हणाला, "काका, मला सुई कुठल्या बाजूने धरतात तेपण माहीत नाही."

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळी दुकानात सर आले. कोट हातावर. पुतळ्याकडे बघून म्हणाले, "याची आणि तुमची गोष्ट ऐकलीय मी." मालक कधी नव्हे ते स्टूल पुसायला धावले.

"बटण लावायचंय," सर म्हणाले.

मी कोट उजेडात धरला. झिजलेला दोरा वेगळा दिसतो, तंतू पिंजलेले असतात. हा सरळ कापला होता. एक सोडून बाकी सगळे पदर, अगदी स्वच्छ. मी वर बघितलं. सर पुतळ्याची खुंटी निरखत होते.

"सर, हे कुणी कापलं?"

"पियानोच्या बाईंनी मला बटणाचं सांगितलं. वर्षातून चार वाक्यं बोलतात त्या, त्यातलं एक ते होतं. आणि पोरं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, काका. निदान एकदा तरी नावाला जागावं."

मला हसावं की पाया पडावं, काही सुचेना. मी सुई ओवायला लागलो. दोरा जाईना! सरांनी सुई घेतली, ओवून दिली.

"गायनाच्याच वर्गात नाव आहे तुमचं," म्हणाले. "आता घट्ट लावा. पुढच्या वर्षी बटण मिळणार नाही."

चार पदरी दोऱ्याने लावलं. कोट फाटेल, बटण निघणार नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

पहाटे प्रार्थनेला बसलो. डोळे मिटायला गेलो — मिटेनात! म्हटलं, असू दे. उघड्या डोळ्यांनीच म्हणायला लागलो.

ही शेजारी बसली होती. हात जोडून, ओठ हलवत, माझ्याबरोबर शब्द न् शब्द. आवाज अजिबात नाही. मला वाटायचं, या वेळी ती झोपलेली असते.

मी तिच्याकडे बघत शेवटपर्यंत म्हटलं. ती हसली नाही.

"कधीपासून बसतेस?"

"लग्न झाल्यापासून. तुम्ही डोळे उघडेपर्यंत उठून चहाला लागते."